हिमाखालचा अग्नी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यावर हिम कधी पडत नाही. तेथील मुलांना बर्फ ठाऊक आहे तो मासळीच्या बाजारातला. पहाटे होड्या किनाऱ्याला लागतात, बांगडे आणि सुरमई पाट्यांतून वर येतात, आणि कारखान्यातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या फोडून त्यांचा चुरा मासळीवर पसरला जातो. वैशाखातील उन्हातही तो चुरा लगेच विरघळून जात नाही. गोणपाटाखाली झाकून ठेवला, तर तो बराच वेळ टिकतो.

अग्नीशी मात्र या प्रदेशाचे नाते फार जुने आहे. मालवणच्या आसपासचे काही खडक अतिप्राचीन आहेत. परंतु उत्तरेस देवगड-विजयदुर्गाकडे गेले, किंवा पूर्वेस आंबोलीचा घाट चढू लागले, म्हणजे निराळाच काळा पाषाण दिसू लागतो. कोठे तो उघडा असतो, तर कोठे त्यावर तांबूस जांभ्याचा थर पसरलेला असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. अशा थरांवर थर चढून सह्याद्रीचे उंच कडे आणि दख्खनचे पठार निर्माण झाले. महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले ज्या काळ्या कातळावर उभे आहेत, तो कातळ म्हणजे एके काळचा वाहता अग्नीच होय.

हा अग्नी आता शांत झाला आहे. सह्याद्रीत आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. भारताच्या हद्दीत जागृत ज्वालामुखी एकच आहे. तो अंदमानच्या समुद्रातील बॅरन नावाच्या निर्जन बेटावर असून दीर्घकाळच्या शांततेनंतर १९९१ मध्ये त्याचा पुन्हा उद्रेक झाला. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही काही पर्वत आहेत की, ज्यांच्या पोटात अग्नी आहे आणि मस्तकावर हिमाचा मुकुट आहे. हे दोन स्वभावशत्रू एकमेकांना भेटतात, तेव्हा काय घडते? आणि त्या भेटीची चाहूल माणसाला आधी लागू शकते काय? पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या हजारो लोकांचे प्राण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

प्रथम हिमाचा विचार करू. अतिशय थंड प्रदेशात एका हिवाळ्यात पडलेले हिम पुढच्या उन्हाळ्यात पुरते वितळत नाही. त्यावर नवे हिम पडते. वर्षानुवर्षे थरांची भर पडत गेली, म्हणजे खालचे भुसभुशीत हिम वरच्या भाराने दाबले जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की, स्वतःच्याच भाराने उताराकडे हळूहळू सरकू लागतो. म्हणून त्यास हिमनदी असे म्हणतात. हिमनद्या केवळ ध्रुवांजवळच असतात असे नाही. जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या अतिउंच पर्वतांच्या माथ्यावरही त्या आढळतात. मालवण विषुववृत्तापासून सुमारे १६ अंश उत्तरेस आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात नेवादो देल रुइझ नावाचा पर्वत आहे. तो अवघ्या ५ अंशांवर असूनही बारमाही हिमाच्छादित असतो, कारण त्याची उंची ५,३०० मीटरांच्या आसपास आहे. हा पर्वत ज्वालामुखी आहे.

बर्फ वितळविणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. एक किलो बर्फ वितळून त्याचे तितकेच थंड पाणी व्हावयास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेने ते पाणी पुढे शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापविता येते. मासळीवरचा बर्फ लवकर का विरघळत नाही, याचे कारण यातच आहे. अशा बर्फाचा अर्धा किलोमीटर जाडीचा थर वितळविण्यास सूर्याला किती काळ लागेल, याची कल्पनाच करावी! पण भूगर्भातून येणाऱ्या लाव्हारसाचे तापमान १,००० ते १,२०० अंशांपर्यंत असू शकते. असा एक घनमीटर लाव्हा पुरता थंड होईपर्यंत जी उष्णता बाहेर टाकतो, ती दहा घनमीटरांहून अधिक बर्फ वितळविण्यास पुरेशी असते. जे काम सूर्याला वर्षानुवर्षे जमत नाही, ते ज्वालामुखी काही तासांत करून टाकतो.

या भेटीत आणखीही एक शक्ती प्रकट होते. पाण्याची वाफ झाली, म्हणजे तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. चुलीवर उकळणाऱ्या भांड्याचे झाकण थडथडू लागते, ते या वाफेच्या रेट्यामुळेच. वितळलेले पाणी आणि तप्त शिलारस एकमेकांत मिसळले, तर वाफेचे प्रचंड स्फोट होतात, शिलारसाच्या चिंधड्या उडतात आणि त्याची काचेसारखी बारीक राख आकाशात फेकली जाते. माथ्यावर बर्फाचा जाड थर असेल, तर त्याच्या भारामुळे आरंभी हे स्फोट दबून राहतात. थर पातळ झाला की, आतला अग्नी डोके वर काढतो.

परंतु अग्नीहून भयंकर असते ते पाणी. हे पाणी दोन प्रकारे खाली येते. पहिला प्रकार आइसलँड या बेटावर पाहावयास मिळतो. तेथे वात्नायोकुल नावाचे एक विशाल हिमक्षेत्र आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर आहे. या एकट्या हिमक्षेत्राचे क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्याच्या खाली अनेक ज्वालामुखी दडलेले आहेत. उद्रेक झाला, म्हणजे वितळलेले पाणी तत्काळ बाहेर पडत नाही. ते बर्फाखालच्या खोलगट भागात साठत राहते. साठा वाढता वाढता एक क्षण असा येतो की, पाणी वरच्या बर्फालाच उचलून धरते आणि त्याच्या खालून वाट काढून एकदम सुटते. या पुराला आइसलँडच्या भाषेत ‘योकुलह्लाउप’ म्हणजे हिमनदीची धाव, असे अर्थपूर्ण नाव आहे.

१९९६ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस वात्नायोकुलखाली एक मोठा भूकंप झाला आणि त्यामागून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञ सावध झाले. ३० तारखेच्या रात्री बर्फाच्या तळाशी उद्रेकास प्रारंभ झाला. दुसऱ्या दिवशी विमानातून पाहता हिमाच्या सपाट पृष्ठभागावर मोठे खळगे पडलेले दिसले. खालचा बर्फ वितळून जात होता, याची ती खूण होती. २ ऑक्टोबरच्या सकाळी अग्नीने अर्ध्या किलोमीटरहून जाड बर्फ भेदला आणि राखेचा काळा स्तंभ आकाशात उभा राहिला. उद्रेक सुमारे तेरा दिवस चालला. वितळलेले सारे पाणी जवळच्या ग्रिम्सव्होत्न नावाच्या हिमाखालच्या सरोवरात जमा होत होते.

पूर येणार हे निश्चित होते. कधी येणार, एवढाच प्रश्न होता. सरोवरावर तरंगणारे बर्फाचे छत दिवसेंदिवस वर उचलले जात होते. शास्त्रज्ञ त्याची उंची वारंवार मोजीत होते. त्या उंचीवरून पाण्याचा साठा किती झाला, याचा हिशेब करता येत होता. पाच आठवडे असे गेले. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी पाण्याने बांध फोडला. सुमारे दोन दिवसांत तीन अब्ज घनमीटरांहून अधिक पाणी हिमक्षेत्राखालून बाहेर पडले. काठोकाठ भरलेल्या कोयना धरणात जेवढे पाणी असते, ते सर्व दोन दिवसांत सोडून द्यावे, तसाच तो प्रकार होता. पूर ऐन भरात असताना दर सेकंदाला सुमारे ४५,००० घनमीटर पाणी वाहत होते. घरांएवढे हिमखंड त्या लोंढ्यातून गवताच्या काडीसारखे वाहत आले. एक पूल समूळ नाहीसा झाला, दुसऱ्या लांब पुलाचा काही भाग तुटला, किनाऱ्याचा रस्ता कित्येक किलोमीटर धुपून गेला. तथापि एकाही माणसाचा प्राण गेला नाही; कारण पूर आला तेव्हा त्या रस्त्यावर माणूसच नव्हता. रस्ता आधीच बंद करण्यात आला होता.

दुसऱ्या प्रकारचा पूर उभ्या चढाच्या हिमशिखरांवरून येतो. तेथे पाणी साठावयास जागाच नसते. ज्वालामुखीच्या मुखातून निघालेली तप्त राख आणि खडकांचे तुकडे हिमावरून घसरत जातात, त्याला खरवडतात व वितळवितात. त्या पाण्यात राख, माती, दगडधोंडे आणि उन्मळलेली झाडे मिसळतात. पाहता पाहता त्याचा ओल्या सिमेंटसारखा दाट चिखल होतो आणि तो नदीच्या खोऱ्यातून घोडदौड करीत खाली येतो. अशा चिखलपुराला जावा बेटातील भाषेत ‘लाहार’ असे म्हणतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ आता हाच शब्द वापरतात. लाहार वाटेत नवी माती व नवे पाणी गिळीत जातो. त्यामुळे उगमापाशी असतो त्याहून तो पायथ्याशी कितीतरी पट मोठा झालेला असतो.

नेवादो देल रुइझ पर्वताच्या पायथ्याशी आर्मेरो नावाचे गजबजलेले गाव होते. त्याची लोकसंख्या सुमारे २९,००० होती. भोवतालची जमीन सुपीक होती आणि भाताची व कापसाची पिके जोमाने येत. ही सुपीकता आली होती ती पूर्वीच्या चिखलपुरांच्या गाळामुळे. १५९५ मध्ये आणि पुन्हा १८४५ मध्ये रुइझवरून लाहार आले होते आणि अनेक माणसे मृत्युमुखी पडली होती. परंतु १८४५ नंतर पिढ्या उलटल्या. लोकांना जमिनीची सुपीकता तेवढी दिसत राहिली. तिच्या जन्माची कथा ते विसरून गेले.

१९८४ च्या अखेरीस रुइझ पुन्हा जागा होऊ लागला. भूकंपाचे लहान धक्के जाणवू लागले, शिखरातून वाफा अधिक प्रमाणात निघू लागल्या. ११ सप्टेंबर १९८५ रोजी वाफेचा एक मोठा स्फोट होऊन राख उडाली. भूशास्त्रज्ञांनी ऑक्टोबरच्या आरंभी धोक्याचा एक नकाशा तयार केला. उद्रेक झाल्यास चिखलपूर कोणकोणत्या खोऱ्यांतून जाईल, ते त्यात दाखविले होते. त्या नकाशात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होते. नकाशा बरोबर होता. परंतु काहींना तो अतिशयोक्तीचा वाटला. गाव रिकामे करावे, तर खर्च किती होईल आणि उद्रेक झालाच नाही तर लोक काय म्हणतील, याची काहींना चिंता पडली. निर्णय लांबणीवर पडत गेला.

१३ नोव्हेंबरच्या दुपारी आर्मेरोवर राख पडू लागली. लोकांना घाबरू नये, घरातच राहावे, असे सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या मोजमापात तो उद्रेक फार मोठा नव्हता. शिखरावरच्या हिमाचा सुमारे दहावा भागच त्यात नष्ट झाला. परंतु तेवढे पाणी पुरेसे होते. बाहेर पाऊस कोसळत होता, गावातील दिवे गेले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास चिखलाची भिंत आर्मेरोवर येऊन आदळली. त्या एका गावात वीस हजारांहून अधिक माणसे गाडली गेली. त्या रात्री एकंदर सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले.

उद्रेक आणि चिखलाचे आगमन यांत जवळजवळ अडीच तासांचे अंतर होते. गावाजवळ उंच जागा होत्या. पायी चालत जाऊनही अनेकांना तेथे पोहोचता आले असते. आर्मेरोचा घात पर्वताने केला हे तर खरेच. पण ज्ञान होते, नकाशा होता, वेळही होता, आणि तरीही ‘चला, निघा’ हे दोन शब्द योग्य वेळी लोकांच्या कानी पडले नाहीत. या दुर्घटनेने जगाचे डोळे उघडले. ज्वालामुखीवर नजर ठेवणे म्हणजे केवळ पर्वताचे मोजमाप करणे नव्हे, तर ते मोजमाप पायथ्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे होय, हे शास्त्रज्ञांना आणि राज्यकर्त्यांना कळून चुकले.

हे मोजमाप कसे करतात, तेही पाहण्यासारखे आहे. वैद्य जसा रोग्याची नाडी पाहतो, अंगाला हात लावून ताप पाहतो, श्वासाकडे लक्ष देतो, तसेच शास्त्रज्ञ पर्वताची परीक्षा अनेक बाजूंनी करतात. शिलारस वर चढताना खडकांना तडे जातात आणि असंख्य बारीक धक्के बसतात. माणसाच्या पायांना ते जाणवत नाहीत. पण भूकंपमापक यंत्र ते टिपून घेते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर आपल्या कोयना परिसरात भूमीची जी स्पंदने सतत टिपली जातात, ती अशाच प्रकारच्या यंत्रांनी. शिलारसाने पर्वताचे पोट भरू लागले की, पर्वत किंचित फुगतो. ही फूग काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर एवढीच असते. डोळ्यांना ती दिसत नाही; परंतु उतारावर ठेवलेली कलमापक यंत्रे व उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारी उपकरणे ती अचूक दाखवितात. पर्वताच्या श्वासात गंधकाचा वायू वाढला, तर शिलारस पृष्ठभागाजवळ आला असे अनुमान करता येते.

हिमाच्छादित ज्वालामुखीची परीक्षा आणखी कठीण असते, कारण खरा खेळ बर्फाच्या आड चाललेला असतो. तेथे शास्त्रज्ञ नद्यांना प्रश्न विचारतात. हिमनदीच्या मुखातून निघणाऱ्या प्रवाहाची पातळी आणि त्याचे तापमान यंत्रे मोजीत असतात. ज्वालामुखीच्या उष्णतेने वितळलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि अशा पाण्यातून वीज अधिक सुलभतेने वाहते. म्हणून पाण्याची वीजवाहकता एकाएकी वाढली, किंवा नदीला कुजक्या अंड्यांसारखा दर्प येऊ लागला, तर वर काहीतरी घडत आहे असे समजतात. ढग, धुके आणि रात्रीचा काळोख यांच्या आरपार पाहू शकणाऱ्या रडारच्या साहाय्याने विमानांतून व उपग्रहांतून हिमावरचे नवे खळगे शोधले जातात. लाहाराच्या वाटेवरील खोऱ्यांत जमिनीची थरथर ऐकणारी यंत्रे पुरून ठेवतात. चिखलाचा लोंढा त्यांच्याजवळून गेला की, त्यांचा संदेश बिनतारी मार्गाने क्षणार्धात खाली पोहोचतो. लोंढा कितीही वेगाने धावला, तरी संदेशाला तो गाठू शकत नाही.

या साऱ्याचे फळ पुढील काळात दिसून आले. १४ एप्रिल २०१० रोजी आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुल या हिमनदीखाली उद्रेक झाला. त्याआधी भूकंपांची संख्या वाढल्याचे यंत्रांनी दाखविले होते. पहाटेच्या अंधारात दूरध्वनीवरून संदेश गेले आणि सुमारे ८०० लोक घरे सोडून सुरक्षित जागी आले. नंतर पूर आला. मुख्य पूल वाचावा म्हणून रस्त्याला मुद्दाम खिंडारे पाडून पाण्याला वाट करून देण्यात आली. पूल वाचला, आणि माणसेही वाचली. या उद्रेकाच्या राखेमुळे युरोपातील विमानांची वाहतूक जवळजवळ सहा दिवस ठप्प झाली होती. कोलंबियानेही आर्मेरोचा धडा मनावर घेतला. तेथे पर्वतांवर सतत लक्ष ठेवणारी केंद्रे स्थापन झाली. एप्रिल २००७ मध्ये नेवादो देल उइला या दुसऱ्या हिमशिखरावर उद्रेक होऊन मोठा चिखलपूर आला. या वेळी इशारा वेळेवर गेला. हजारो लोक उंचावर जाऊन थांबले, आणि त्या पुराने एकाचाही बळी घेतला नाही.

आपल्या देशातील हिमालयाच्या हिमनद्यांखाली ज्वालामुखी नाहीत. परंतु हिम आणि पाणी यांपासून होणारे संकट तेथेही आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली भागात खडक व बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळून महापूर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये एक हिमसरोवर फुटले. म्हणून हिमनद्यांवर नजर ठेवण्याचे काम भारतासही महत्त्वाचे आहे. हे काम करणारी एक मोठी संस्था सिंधुदुर्गाच्या शेजारीच, गोव्यात वास्को द गामा येथे आहे. तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांचे नियोजन येथून होते. या केंद्राने २०१६ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या भागात ‘हिमांश’ नावाचे संशोधन ठाणे उभारले. तेथून हिमनद्या किती वितळतात, त्यांतून किती पाणी वाहते, याची मोजणी होते. दूरच्या ज्वालामुखींचे आम्लही हिमाच्या थरांत अडकून राहते. त्यामुळे ध्रुवाजवळच्या बर्फाचे लांब गोल कांब कापून आणले, म्हणजे शास्त्रज्ञ त्यांत गतकाळच्या उद्रेकांच्या खुणा वाचू शकतात. ज्या किनाऱ्यावर हिमाचा कण पडत नाही, त्या किनाऱ्यावर बसून हिमाचा इतिहास वाचला जातो!

मालवणच्या कोळ्याला हिमनदी ठाऊक नसेल. परंतु इशाऱ्याचे मोल त्याला पुरेपूर ठाऊक आहे. समुद्रात वादळाची लक्षणे दिसू लागली, म्हणजे हवामान विभागाचा संदेश येतो आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढविला जातो. रात्री त्याऐवजी दिव्यांची खूण करतात. त्या वेळी समुद्र कित्येकदा शांत असतो, आकाश निरभ्र असते, आणि मासळीही भरपूर मिळण्याचा संभव असतो. तरीही शहाणा कोळी होडी वर ओढून घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले, त्याच्या आधीही मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा देण्यात आला होता. कधी कधी बावटा चढतो आणि वादळ दुसरीकडे वळून जाते. एक दिवसाची कमाई बुडते, आणि कोणी तरुण कुरकुरतो. अशा वेळी वडीलधारी माणसे म्हणतात, “कमाई उद्याही करता येईल.”

आर्मेरोच्या लोकांना हेच सांगावयास कोणी हवे होते. भूकंपमापकाची सुई, उपग्रहाचे चित्र, नदीकाठचे यंत्र, ही सारी साखळीची आरंभीची कडी आहेत. त्यापुढे संदेश देणारा अधिकारी, तो पोहोचविणारा दूत आणि तो ऐकून तत्काळ पाऊल उचलणारा नागरिक ही कडी येतात. यांपैकी एक जरी निखळले, तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही. पर्वताच्या पोटातील अग्नी विझविणे माणसाच्या हाती नाही, आणि हिमाला वितळू नको असे सांगणेही त्याच्या हाती नाही. मात्र बावटा वेळेवर चढविणे आणि तो पाहून होडी मागे फिरविणे हे त्याच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) सह्याद्रीचा काळा पाषाण कसा निर्माण झाला?
(आ) हिमनदी कशास म्हणतात?
(इ) ‘लाहार’ हा शब्द मूळचा कोठला?

२. कारणे द्या :
(अ) विषुववृत्ताजवळ असूनही नेवादो देल रुइझ पर्वतावर हिम असते.
(आ) १९९६ च्या आइसलँडमधील महापुरात कोणी मृत्युमुखी पडले नाही.
(इ) हिमाच्छादित ज्वालामुखीजवळच्या नदीच्या पाण्याची वीजवाहकता मोजतात.

३. ‘नकाशा बरोबर होता’, तरीही आर्मेरो वाचले नाही. असे का झाले, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : लांबणीवर पडणे, चाहूल लागणे, डोळे उघडणे, कळून चुकणे.

५. आपल्या गावात पूर, वादळ किंवा दरड यांचा इशारा लोकांपर्यंत कसा पोहोचतो, याची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून काढा.